चुलीतला संत लूका

१

ठक्. मग जरा थांबून पुन्हा ठक्.

स्मशानातून परतलेली माणसं दाराशी वाकून बूट काढत होती. चाळिसाव्याला, म्हणजे मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, माणसं असतात तशीच गप्प होती. त्या गप्पपणात तो आवाज आला, लोखंडावर लोखंड हलकेच टेकावं तसा. नेवेनाला आधी वाटलं, सासूबाई आत भांड्यांवर झाकणं ठेवताहेत. मग तिची नजर घरातल्या बोळाच्या टोकाला गेली. भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेल्या जुन्या चुलीचं दार वाऱ्याने हलत होतं. थोडं उघडायचं, चौकटीवर टेकायचं, पुन्हा उघडायचं.

ती नुसती चूल नव्हती, तिच्या नवऱ्याची, व्लादानची तिजोरी होती. त्याच्या पणजीची लाकडं जाळायची लोखंडी चूल त्याने खेड्यावरून निश शहरात आणली. तिच्या पत्र्यांच्या मधल्या पोकळीत सिमेंट ओतलं, भट्टीच्या दाराला विजेचं कुलूप बसवलं आणि वर आकड्यांची बटणं लावली. व्लादान इमारतींच्या दारांची कुलपं आणि खालच्या दाराशी घरातून बोलायचे बेलफोन बसवायचा. त्यामुळे सामान घरचंच होतं, डोकंही घरचंच. सप्टेंबरात तो शिडीवरून पडला आणि गेला. कुलपाचा नंबर त्याच्याबरोबर गेला. तेव्हापासून तिजोरी कुणालाही उघडता आली नव्हती.

आत एकच वस्तू होती. घराच्या संताची, संत लूकाची प्रतिमा. तळाचा कोपरा जळालेली, व्लादानच्या पणजोबांनी आगीतून काढलेली. शेजारच्या इमारतीत चोऱ्या झाल्या तेव्हा व्लादानने ती भिंतीवरून उतरवून चुलीत ठेवली. रविवारी संत लूकाचा दिवस होता. कुलदैवताचाच दिवस म्हणा ना. त्या दिवशी प्रतिमेपुढे मेणबत्ती लागते, केक कापला जातो, आणि हे व्लादानचं घर अजून उभं आहे हे सगळ्यांना कळतं. नेवेनाने शुक्रवारी चूल कापायला माणूस सांगून ठेवला होता.

ती बोळातून चालत गेली आणि वाकली. फळीवर लाल मखमलीचा तुकडा होता, त्यावर चौकोनी दाब होता. बाकी काही नाही.

"वहिनी, तू उघडलीस?" मागून दीर राडिशाने विचारलं.

"नाही."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकेक करून सगळे राडिशाकडे पाहू लागले. स्मशानातून मध्येच गाडी घेऊन घरी येऊन गेलेला तो एकटाच होता. आणि राडिशाला मुलगा होता. नेवेनाला फक्त लेन्का. घराचा संत बापाकडून मुलाकडे जातो हे तिथे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

आपण आता रडायला हवं असं नेवेनाला वाटलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि मासे वाढायला घेतले.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरचा बेलफोन घर्र वाजला. पाच वर्षांची लेन्का सर्दीने शेंबडी होऊन पलंगावर होती. ती दचकून उठून बसली.

झोराना वर आली ती धापा टाकत. ती नेवेनाची कुमा, लग्नात तिच्या बाजूने उभी राहिलेली, म्हणजे सख्ख्या बहिणीच्या वरची. आणि शहराच्या पोलिसांत घरफोडी खात्यात निरीक्षक.

"तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. चोर दमून परत गेला नाही, यातच त्याची जिद्द कळते," ती म्हणाली. "मी पोलीस म्हणून आलेली नाही, आधीच सांगते. कॉफी कर."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या शेजारणीनं. तू सांगितलं असतंस तर बरं वाटलं असतं. काल घर शोधलंत?"

"गादीसुद्धा उसवली." नेवेनाने कॉफीचं भांडं आचेवर ठेवलं आणि फेस वर येईपर्यंत त्याकडे बघत राहिली. फेस वर आला, उतू गेला. झोरानाने हात लांब करून आच बंद केली.

मग ती टॉर्च घेऊन चुलीपुढे मांडी घालून बसली.

"हे काय गं?" आकड्यांच्या बटणांवर आडवी जखमेवरची पट्टी चिकटवलेली होती, गुलाबी, वर बदकं छापलेली.

"लेन्कानं लावलीय. मी सगळे आकडे लावून पाहिले. तिची जन्मतारीख, लग्नाची, त्याच्या आईची. मग एक दिवस मूठ मारली. ती म्हणाली, याला लागलं. तेव्हापासून मी हात लावला नाही."

झोरानाने पट्टीच्या कडा नखाने चाचपल्या. चारही बाजूंनी घट्ट होत्या, धुळीची रेघ तशीच्या तशी. "म्हणजे बटणं कुणी दाबलीच नाहीत. पहार नाही, ओरखडा नाही. ही तार कुठं जाते?"

"भिंतीत. बेलफोनच्या मागून कुठंतरी."

"घराच्या विजेवर?"

नेवेनाला आठवायला वेळ लागला. हल्ली सगळंच उशिरा आठवायचं. "नाही. मागं आमचा फ्यूज उडाला होता. घरात काळोख, पण हिचा हिरवा दिवा चालूच. व्लादान म्हणायचा, चोरानं आपली वीज तोडली तरी ही पापणी हलवणार नाही. बॅटरी असेल आत."

झोराना पोटावर झोपली आणि चुलीच्या राखेच्या कप्प्यात तोंड घातलं. बराच वेळ तिचे फक्त मोजे दिसत होते.

"बॅटरीची जागा आहे," आतून आवाज आला. "तारांना चिकटपट्टी गुंडाळून ठेवलीय. बॅटरी नाही. लावणार होता."

"तो सगळंच लावणार होता," नेवेना म्हणाली. "न्हाणीघरातला दिवासुद्धा."

झोराना उठून बसली. नाकाच्या शेंड्याला राख लागली होती. "अजून एक. काल चुलीचं दार वाऱ्यानं आपटत होतं म्हणे. दारिंकाबाईंच्या घरात वारा?"

नेवेना थबकली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिच्या सासूबाईंच्या मते माणूस म्हातारपणाने मरत नाही, समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्यांनी मरतो. जुलैतसुद्धा त्या एका वेळी एकच खिडकी उघडू द्यायच्या. आणि काल तर लेन्काला ताप होता, आणि सासूबाईंचे गुडघेही दुखत होते, म्हणून त्या तिच्यापाशी घरी राहिल्या होत्या. एकही खिडकी उघडी नव्हती.

"म्हणजे वारा जिन्यातून आला," झोराना म्हणाली. "चल, खाली जाऊ."

३

तळमजल्यावरचे झिवोता काका इमारतीचे अध्यक्ष होते. निवडून आलेले नव्हते, दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून झालेले. त्यांनी दार उघडलं, दोघींच्या पायांकडे बघून सपाता पुढे सारल्या आणि न विचारता अंगठ्याएवढ्या पेल्यांत राकिया, घरची फळांची दारू, ओतली.

"व्लादानच्या आत्म्यासाठी." त्यांनी आधी एक थेंब जमिनीवर सांडला. "संशय माझ्यावर आहे का पोरी? या वयात मला कुणी एवढं महत्त्व दिलं नव्हतं."

"काल तुम्ही वर गेला होतात, काका."

"खुर्च्या न्यायला. माणसं निघायच्या आधी नेल्या, नेवेनाच्या हातात दिल्या. मग खाली आलो. एवढंच."

"एवढंच?"

"दुःखाच्या घरी येणाऱ्याला दारात बेल दाबत उभं राहायला लागू नये, एवढं पाहिलं. ते तर कुठल्याही इमारतीत बघतातच. नाहीतर गाववाले म्हणतील, निशमध्ये मेल्यावरसुद्धा कुलूप लावतात." त्यांनी उंबऱ्याकडे बोट केलं. "अंत्यविधीच्या दिवशी दाराला वीट लावली होती. त्या विटेनं माझी फरशी फोडली. ती कोण भरून देणार, ते शोध की जमलं तर."

झोरानाने फुटक्या फरशीकडे पाहिलं, मग जिन्याखालच्या राखाडी पेटीकडे. तिने राकिया एका घोटात संपवली. हे ती क्वचितच करायची.

राडिशा समोरच्या खाणावळीत बसला होता. पुढ्यात थंड झालेली कॉफी, डोळे सुजलेले. त्या दोघी बसायच्या आतच तो बोलायला लागला.

"बायकोसुद्धा रात्री म्हणाली, घेतली असशील तर देऊन टाक. माझी बायको."

"काल मध्येच घरी का गेलास?" झोरानाने विचारलं.

"आईचा फोन आला. व्लादानचे कपडे द्यायचे आहेत ना, चाळिसाव्यानंतर द्यायचेच असतात. म्हणाली, पिशव्या आत्ताच घेऊन जा, पाहुण्यांसमोर नकोत, नेवेनाला बघवायचं नाही. बुटांना स्मशानाचा चिखल, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. आईने पिशव्या दिल्या, मी उतरलो. चूल मला दिसलीसुद्धा नाही."

"खालून बेल दाबलीस?"

"कशाला? दार ढकललं, उघडलं."

"आणि पिशव्या?"

"गाडीत. शनिवारी चर्चमध्ये देणार." तो नेवेनाकडे वळला. "वहिनी, मला तो संत हवा होता, हे खरंय. लहानपणापासून हवा होता. पण व्लादान थोरला होता, विषय संपला. मी मेलेल्या भावाच्या घरात हात घालीन असं तुला वाटतं?"

नेवेनाने त्याची थंड कॉफी बाजूला सारली. "मला हल्ली काही वाटत नाही रे," ती म्हणाली.

राडिशाने मान खाली घातली.

"तू आमच्याबरोबर वर चल," झोराना त्याला म्हणाली. "आणि बुटांना चिखल असला तरी आज आत ये."

४

दारिंकाबाई स्वयंपाकघरात रविवारच्या केकसाठी अक्रोड फोडत होत्या. काळा रुमाल, काळं पोलकं, काळे मोजे. टरफलं एका बाजूला, गर दुसऱ्या बाजूला. प्रतिमा नसली तरी केक होणार होता.

"बस पोरी. पण दार लाव, वारा येतोय," त्या झोरानाला म्हणाल्या.

"काल नाही लावलंत?"

"काल एवढी माणसं येत-जात होती."

"सगळे स्मशानात गेल्यावर घरात तुम्ही आणि लेन्का. काय झालं ते सांगा."

"काय व्हायचंय? पोरगी तापात झोपली होती. मी पाहुण्यांना त्याच्या नावाने वाटायचे गहू साखरेत घोळत होते. राडिशाने खालून बेल दाबली. मी बोळात आले, रिसीव्हर उचलला, बटण दाबून त्याला दार उघडून दिलं. चूल तिथेच आहे, हाताच्या अंतरावर. बंद होती." त्यांनी एक अक्रोड नेमका मधोमध फोडला. "माझ्या पोराला यात ओढू नका. एक गेलाय. दुसऱ्याला तुम्ही चोर ठरवा, म्हणजे झालं."

दारात उभ्या असलेल्या राडिशाने तोंड उघडलं. झोरानाने न बघताच हात वर करून त्याला थांबवलं.

"बेल वाजली, नक्की?"

"माझे गुडघे गेलेत, कान नाही."

"बरं." झोराना उठली आणि बोळात गेली. सगळे तिच्या मागे गेले. लेन्काही पलंगावरून उतरून अनवाणी दाराशी येऊन उभी राहिली. झोरानाने चुलीचं दार तळव्याने पुढे ढकललं. दार चौकटीला टेकलं आणि आतून कुणी ओढून धरावं तसं चिकटलं. तिने दोन्ही हातांनी ओढून दाखवलं. हललं नाही.

"अगं, काय केलंस?" नेवेना म्हणाली. "नंबर कुणालाच माहीत नाही."

"मलाही नाही," झोराना म्हणाली आणि तिने खिशातून फोन काढला.

५

"काका," ती फोनवर म्हणाली, "काल सगळे निघून गेल्यावर जिन्याखालच्या पेटीत जे केलंत, तेच आत्ता करा."

सगळे चुलीपुढे उभे राहिले. दारिंकाबाईंच्या मुठीत अक्रोडाचं टरफल राहिलं होतं.

टक्.

हिरवा दिवा गेला. चुलीचं दार आपोआप सैल झालं आणि बोटभर पुढे आलं. जिन्यातून गार वारा आला.

"याच्यात चोर नाही," झोराना सावकाश म्हणाली. जणू वर्गात शिकवत होती. "व्लादानने या दाराला चुंबक लावलाय. वीज आहे तोवर धरून ठेवतो, वीज गेली की सोडतो. इमारतीच्या मोठ्या दाराला असतो, तसलाच. घरची वीज चोर तोडेल म्हणून पठ्ठ्याने तार घरातून घेतलीच नाही, खालच्या दाराच्या पेटीतून ओढली. सगळ्या इमारतीची वीज कोण तोडणार? व्लादानही इथलाच, त्यानेही शेकड्याने दारं बसवलेली. पण दुःखाच्या दिवशी आपण ते दार उघडं ठेवतो, हे त्याला सुचलं नाही. कारण दुःख आपल्याच घरात येईल असं कुठे कुणाला सुचतं? अंत्यविधीला वीट होती, म्हणून तिजोरी बंद राहिली. काल झिवोता काकांनी फरशी वाचवायला पेटीच बंद केली. मोठं दार सुटलं आणि वर हे सुटलं."

झोरानाने भिंतीवरच्या बेलफोनकडे बोट केलं.

"त्याच पेटीवर बेलफोनही चालतो. पेटी जेवणानंतर चालू झाली, आधी नाही. म्हणून काल इथे कुणाचीही बेल वाजली नाही, राडिशाचीही नाही. दारिंकाबाई, तुम्ही न वाजलेली बेल ऐकलीत. पोराला वाचवायला ऐकलीत, हे मला कळतं. पण मग चूल बंद होती हेही तसंच पाहिलंत. काल या घरातून एकच गोष्ट बाहेर गेली. व्लादानचे कपडे."

राडिशा खाली गेला. त्याची पावलं सगळ्या मजल्यांवर ऐकू आली. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात व्लादानचा तपकिरी स्वेटर होता, बाह्या पोटाशी बांधलेला, जड. त्याने तो नेवेनाच्या हातात दिला. बाह्यांची गाठ सोडल्यावर आतून संत लूका निघाला, जळक्या कोपऱ्याकडून आधी. नेवेनाने प्रतिमा स्वयंपाकघरात नेऊन टेबलावर ठेवली. स्वेटर मात्र तिने हातातच धरून ठेवला.

"मला माहीत नव्हतं," राडिशा म्हणाला. "आई, मला का नाही सांगितलंस?"

"तू घेतला नसतास." दारिंकाबाई मागोमाग येऊन खुर्चीत बसल्या. आता त्या कुणालाच समजावत नव्हत्या, टेबलाशी बोलत होत्या. "मी गहू घोळत होते. त्याच्याशीच बोलत होते. म्हटलं, आज चाळिसावा, आज तुझा आत्मा घर सोडून जाणार, मला एवढं सांगून जा, आपल्या घराचा दिवा कोण लावणार? आणि टक् झालं. तुम्ही ऐकलं ना आत्ता, तसंच. मी आले तर दार उघडं. मला वाटलं, त्याने उघडून दिलं. मला म्हणाला, ने."

झोरानाने नाकावरची राख पुसली. आपण जे सिद्ध केलं त्याचा दुसरा अर्धा भाग तिला आत्ता दिसला असावा. "मावशी, ते झिवोता काका होते," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज पोलिसांसारखा नव्हता.

"हो. कळलं."

"आई," नेवेना म्हणाली, "मला विचारलं असतंत. शुक्रवारी चूल उघडणारच होती. प्रतिमा याच घरात राहणार होती."

"किती दिवस राहणार?" दारिंकाबाईंनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर जास्त बरं झालं असतं. "तू तिशीची आहेस, पोरी. मी वाईट बोलत नाही. तू चांगली आहेस, म्हणून सांगते. आज नाही, उद्या नाही, पण एक दिवस कुणीतरी येईल, यावंच. त्याचा संत दुसरा असेल. तू त्याच्यापुढे मेणबत्ती लावशील, लावावीच लागते. मग माझा व्लादान कुठे राहणार? अडगळीत? राडिशाला पोरगा आहे. तिथे तरी भिंत कायमची."

मी कुठेही जाणार नाही, असं नेवेनाने म्हणायला हवं होतं. वाक्य सोपं होतं. सगळे त्याचीच वाट पाहत होते, राडिशासुद्धा. तिने ते ओठांपर्यंत आणून पाहिलं. पुढची वर्षं तिला दिसतच नव्हती, ना या घरातली, ना कुठल्या दुसऱ्या. आणि जे दिसत नाही त्याची शपथ या बाईपुढे, या संतापुढे घ्यायला तिची जीभ वळेना.

"रविवारी मेणबत्ती मी लावीन," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहा. राडिशा, तू केक कापायला ये, मुलाला घेऊन ये. त्याच्यापुढचं मला माहीत नाही, आई."

दारिंकाबाईंनी मुठीतलं टरफल टरफलांच्या ढिगात टाकलं आणि पुढचा अक्रोड उचलला. त्यातून हो काढायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं. राडिशाने बूट काढले आणि टेबलापाशी बसून आईच्या पुढ्यातले अक्रोड आपल्याकडे ओढले.

झोरानाने फोन करून झिवोता काकांना पेटी चालू करायला सांगितलं. बोळातला वारा थांबला.

लेन्का अजून दाराच्या चौकटीत उभी होती, अनवाणी, नाक वाहत. तिला किती वेळ झाला होता कुणास ठाऊक. ती नेवेनाजवळ आली, तिच्या हातातल्या स्वेटरची एक बाही धरली आणि टेबलावरच्या संताकडे बघत राहिली.

"आई," तिने विचारलं, "तू दुसऱ्या संताकडे राहायला गेलीस, तर मी तुझ्याबरोबर यायचं, की बाबांबरोबर इथे थांबायचं?"